साताऱ्याची थंडी आणि आंघोळीचं पाणी: सोलर, गिझर, गॅस की बंब?

धाकटी बहीण यंदा शाहूपुरीत स्वतःच्या घरात राहायला गेली. दसरा झाला, पहाटेचा गारवा सुरू झाला आणि तिचा फोन आला. "दादा, सोलर बसवू का गिझरच घेऊ? आणि आत्यांना रात्री थंडी वाजते, म्हणून हे रूम हीटरही बघतायत." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. घरात माणसं पाच.

मी तिला आधी हिशेब करायला लावला. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. पाच बादल्यांचे अडीच, आणि टाकीतून वाया जाणारी उष्णता धरली तर दिवसाला तीन युनिट, म्हणजे महिन्याला नव्वद. महावितरणचा स्वस्त टप्पा १०० युनिटपर्यंतच आहे. एरवी ऐंशी युनिटांत भागणारं घर गिझरमुळे १७० वर जातं, आणि शंभराच्या पुढच्या युनिटांचा दर दुपटीच्या घरात असतो. थंडीत बिल अंगावर येतं ते यामुळे.

स्वतःची गच्ची असेल तर माझं मत सोलरलाच. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असतं, म्हणजे गरज सगळ्यात जास्त तेव्हाच ऊनही मिळतं. बादलीनं आंघोळ करणाऱ्या पाच जणांना १०० लिटरचा पुरतो, शॉवर असेल तर २०० चा बघा. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांच्या सपाट पॅनलपेक्षा काचेच्या नळ्यांचा बरा, साफ करायला सोपा जातो. जागा ठरवताना मात्र घाई नको. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर येतो आणि तोही दक्षिणेला. साताऱ्याच्या दक्षिणेला अजिंक्यतारा. पायथ्याजवळच्या घरांनी आणि दक्षिणेला शेजारची उंच इमारत असणाऱ्यांनी गच्चीवर दिवसभरात तीन-चार वेळा जाऊन सावली कुठे पडते ते बघावं, मगच पैसे द्यावेत.

दुसरी गोष्ट पाइपाची. आमच्याकडे टाकी गच्चीच्या एका टोकाला आणि न्हाणी तळमजल्यावर दुसऱ्या टोकाला. सकाळी नळ सोडला की आधी अर्धी बादली गारच पाणी येतं. मी पाइपावर फोमची नळी चढवली. पहिल्या आंघोळीला फरक पडला नाही, कारण रात्रभर उभं राहिलेलं पाणी गार व्हायचंच. पण मागून येणाऱ्यांना लगेच कढत पाणी मिळायला लागलं. नवीन घर बांधताना न्हाणी टाकीखालीच धरली तर हा त्रासच नाही. पहाटेचं पाणी कालच्या उन्हाचं असतं, म्हणून रात्री भांड्यांना ते सढळ हातानं सोडू नये. पावसाळ्यात मात्र सोलरवर विसंबता येत नाही, जोडीला काहीतरी लागतंच.

'सोलर' म्हटलं की लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान वीज बनवणाऱ्या पॅनलला आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही.

भाड्याचं घर किंवा फ्लॅट असेल तर विजेचा गिझर. पंधरा लिटरचा, जास्त स्टारचा घ्या, आंघोळीआधी लावा आणि लगेच बंद करा. तीन लिटरचा झटपट गिझर बहुतेक ३,००० वॉटचा असतो, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग लागतं. जुन्या वाड्यातल्या वायरिंगवर तो लावू नका.

गॅस गिझर खर्चात विजेपेक्षा स्वस्त पडतो, पाच माणसांना महिन्याला साधारण अर्धी टाकी. तरीही तो न्हाणीच्या आत असेल तर मी नको म्हणेन. बंद जागेत ज्योत नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावून पाइप आत घेता येत असेल तरच विचार करा.

गावाकडे बंबाला तोड नाही. शेतातल्या काटक्या, मक्याची बुरकुंडं, करवंट्या घरच्याच. बंबफोड, म्हणजे बंबासाठी फोडलेली लाकडं, विकत आणावी लागत असेल तर मात्र हिशेब बदलतो, आणि धूर खाणारी व्यक्ती बहुतेक घरातली बाईच असते, तेही धरा.

आता आत्यांचा हीटर. २,००० वॉटचा हीटर संध्याकाळी तीन तास चालला की सहा युनिट, म्हणजे पाच जणांच्या आंघोळीच्या दुप्पट. महाबळेश्वरला, जिथे वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, तिथे तो लागेल. साताऱ्यात आधी फटी बुजवाव्यात. बहिणीनं दाराखाली पट्टी लावली, खिडकीच्या चौकटीला फोम चिकटवला, आत्यांची कॉट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आणि फरशीवर सतरंजी अंथरली. दक्षिणेची खिडकी दुपारी उघडी ठेवून चारला बंद करते. पांघरायला वाकळ आहेच. कोळशाची शेगडी तेवढी बंद खोलीत नको, तिच्यातूनही तोच कार्बन मोनॉक्साइड निघतो.

हीटर घेतला नाही. ते पैसे सोलरच्या बिलात गेले, आणि पावसाळ्यासाठी पंधरा लिटरचा गिझर तिनं आत्यांच्या न्हाणीत लावून घेतला.