अनोळखी डेटा पकडायला कोणता स्कोअर निवडाल?

लेबल नसलेल्या चित्रांवर जनरेटिव्ह मॉडेल (डेटासारखी नवी चित्रं तयार करू शकणारं मॉडेल) शिकवून झालं आहे. आता समोर आलेलं चित्र ओळखीचं की परकं, हे त्याच मॉडेलच्या एखाद्या आकड्यावरून, म्हणजे स्कोअरवरून, ठरवायचं आहे. पहिल्यांदा सुचतं ते असं: लाइकलीहूड (मॉडेलला ते चित्र किती संभाव्य वाटतं तो आकडा) मोजायची, ती कमी आली की चित्र परकं. नुसत्या लाइकलीहूडवर मात्र अजिबात विसंबू नका.

२०१८ मध्ये डीपमाइंडच्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. विमानं, बेडूक, घोडे असलेल्या सायफार-१० या चित्रसंचावर शिकलेल्या ग्लो या फ्लो मॉडेलने (लाइकलीहूड थेट मोजता येणारं जनरेटिव्ह मॉडेल) एसव्हीएचएन या दुसऱ्या संचातल्या घरक्रमांकांच्या फोटोंना स्वतःच्या शिकवणीतल्या चित्रांपेक्षाही जास्त लाइकलीहूड दिली. पिक्सेलसीएनएन आणि व्हीएई या इतर प्रकारच्या जनरेटिव्ह मॉडेल्सचंही तेच झालं. घरक्रमांकांचे फोटो गुळगुळीत असतात, शेजारचा पिक्सेल सहज ओळखता येतो, आणि लाइकलीहूडचा बहुतेक भाग अशा बारीक अंदाजांतूनच जमतो. चित्रात काय आहे याचा वाटा त्यात फार थोडा. मला तरी या विषयातली सगळ्यात डोळे उघडणारी गोष्ट हीच वाटते.

म्हणून चित्राचा सोपेपणा वजा करायचा. त्याचे दोन रस्ते आहेत. एकात मुद्दाम गोंगाट मिसळलेल्या डेटावर दुसरं मॉडेल शिकवून दोघांच्या लाइकलीहूडचं गुणोत्तर घेतात. यात शिकवणीचा खर्च दुप्पट, शिवाय गोंगाट किती मिसळायचा हे ठरवायला परक्या डेटाचा नमुना सहसा हाताशी लागतो. दुसऱ्यात चित्र पीएनजीसारख्या पद्धतीने दाबून त्याला किती बिट लागले ते पाहतात आणि मॉडेलच्या लाइकलीहूडवरून निघणाऱ्या बिटांमधून (लाइकलीहूड कमी, तर बिट जास्त) तेवढे वजा करतात. नवं काही शिकवावं लागत नाही, म्हणून सुरुवात मी इथूनच करेन. पण परकं चित्र ओळखीच्या चित्रांइतकंच गुंतागुंतीचं असेल, जसं सायफार-१० समोर त्याच धाटणीचा सायफार-१०० संच, तर हाही स्कोअर कमी पडतो.

बिघाड चित्रात नेमका कुठे आहे हे हवं असेल, तर पुनर्रचना कामी येते, म्हणजे मॉडेलकडून चित्र पुन्हा काढून घ्यायचं आणि मूळ चित्राशी फरक कुठे पडतो ते पाहायचं. २०१७ मधल्या अ‍ॅनोगॅन या पद्धतीने डोळ्याच्या पडद्याच्या ओसीटी स्कॅनवर (प्रकाशाने घेतलेली थरांची चित्रं) हेच केलं. मात्र तिथे प्रत्येक चित्रासाठी मॉडेल काढू शकेल असं सगळ्यात जवळचं चित्र वेगळं शोधावं लागतं आणि त्यात वेळ जातो. २०१९ च्या एफ-अ‍ॅनोगॅनने एन्कोडर (हा शोध एका झटक्यात करणारं नेटवर्क) जोडून तो वेळ वाचवला. साध्या ऑटोएन्कोडरपासून (चित्र दाबून पुन्हा उलगडणारं नेटवर्क) सावध राहा, तो परकं चित्रही छान उतरवून काढू शकतो.

चित्रं गठ्ठ्याने येत असतील तर टिपिकॅलिटी चाचणी (गठ्ठ्याची लाइकलीहूड नेहमीसारखी आहे का हे पाहणारी) बघा. लाइकलीहूड नेहमीपेक्षा फार जास्त असली तरी ती संशय घेते. एकट्या चित्रावर तिचा जोर कमी पडतो.

आधीच शिकलेलं नेटवर्क वापरायची मुभा असेल, तर पिक्सेल सोडा आणि त्या नेटवर्कच्या फीचर्सवर (चित्रातून काढलेल्या सारांश आकड्यांवर) फ्लो मॉडेल शिकवा. सायफार-१० आणि सायफार-१०० सारख्या जवळच्या जोड्यांसाठी माझा कौल यालाच. फक्त ते नेटवर्क लेबलांवर शिकलेलं असेल, तर तुमची पद्धत पूर्णपणे लेबलविरहित राहत नाही.

काहीही निवडा, कोणत्या आकड्यापलीकडे चित्र परकं मानायचं तो उंबरठा, शिकवणीत न वापरता बाजूला ठेवलेल्या ओळखीच्या डेटावर ठरवा आणि चाचणीत एखादं कोरं एकरंगी चित्र नक्की घाला. ते ओळखीचं ठरलं, तर तो स्कोअर अजून गुळगुळीतपणाच मोजतो आहे.