हरिहरचं म्हणून घेतलेलं लेथ मशीन

आमचे आण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर होते, म्हणजे लेथ चालवायचे. लेथ म्हणजे धातूचा तुकडा गोल फिरवत कापायचं मशीन. रिटायर होऊन साताऱ्याला आले आणि घरामागे पत्र्याची शेड उभी केली. व्हाइस आलं, ड्रिल मशीन आलं, ग्राइंडर आला. लेथसाठी कोपरा मोजून कोबा घातला होता, पण मशीन यायच्या आत आण्णा गेले. तो कोपरा मला रिकामा बघवत नव्हता. म्हणून मागच्या वर्षी मी जुनं लेथ मशीन शोधायला लागलो आणि १,१०,००० रुपयांना फसलो. कसा फसलो ते बारीकसारीक लिहितोय, कारण ज्या युक्त्या माझ्यावर केल्या त्या दुसऱ्या कुणावरही होऊ शकतात.

मला किर्लोस्करचंच हवं होतं. १९४१ साली कर्नाटकात हरिहरला सुरू झालेल्या त्या कारखान्याची मशीनं आण्णांनी आयुष्यभर चालवली होती. जुनं बिडाचं ओतकाम, जड अंग, कंप नाही. कारखाना केव्हाच बंद पडला, त्यामुळे नवीन मिळत नाही, आणि मशीनवरचा नंबर घेऊन खात्री करायला कुणाला फोनही करता येत नाही. विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं.

ऑनलाइन जाहिरातीत साडेचार फुटी मशीन दिसलं. ‘हरिहर ओरिजिनल, आयटीआयमधलं, कमी वापर.’ हिरवागार रंग, पितळी नेमप्लेट. मशीन भोसरीतल्या एका गाळ्यात होतं. तिथला माणूस बोलायला फार गोड. आण्णांचा विषय निघाल्यावर म्हणाला, “साहेब, वडिलांच्या जागेवर बसणार म्हणजे मशीन पण तसंच पाहिजे. दुसऱ्या कुणाला दिलंच नसतं.” मला भरून आलं. पुढे काही तपासायचं राहून गेलं त्याचं मूळ कारण हेच.

त्याने मशीन चालू करून दाखवलं. गिअरचा आवाज जवळजवळ नाहीच. बेडवर, म्हणजे मशीनच्या लांब बिडाच्या पट्ट्यांवर, हात फिरवून दाखवला. बेडवर चंद्रकोरीसारख्या बारीक स्क्रेपिंगच्या, म्हणजे हाताने खरवडून सपाट केल्याच्या, खुणा होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या, चमकणाऱ्या. “नुकतंच स्क्रेपिंग करून घेतलंय,” तो म्हणाला. डायल गेज (बारीक उंचसखलपणा काट्याने दाखवणारं माप) लावून बेड दाखवला तर काटा हलला नाही. तो गेज त्याने टेलस्टॉकच्या, म्हणजे कामाला दुसऱ्या टोकाने आधार देणाऱ्या भागाच्या, बाजूला लावला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

लेथचा बेड कधीही सगळीकडे सारखा झिजत नाही. काम बहुतेक चकाजवळ, म्हणजे तुकडा धरून फिरवणाऱ्या पकडीजवळ, चालतं; सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, तिथेच मागेपुढे होत राहतं, त्यामुळे पहिल्या फूटभरात बेड खाली जातो. टेलस्टॉककडचा भाग वीस वर्षांनीही नवा राहू शकतो. खरं स्क्रेपिंग असलेल्या वापरलेल्या मशीनवर खुणा चकाजवळ पुसट होतात आणि टोकाला ठळक राहतात. माझ्या मशीनवर त्या चकाजवळच सगळ्यात ताज्या होत्या. झिजलेल्या बेडवर हातमशीनने ओरखडे काढून केलेली ती नक्षी होती. झिजलेल्या आणि न झिजलेल्या पट्टीच्या मधे जी पायरी नखाला लागते, तीही घासून टाकलेली होती.

इसार म्हणून २०,००० दिले. बिलाचं विचारलं तर म्हणाला, “बिल केलं तर १८ टक्के जीएसटी लागेल, तुमचेच पैसे जातील.” मी कच्च्या चिठ्ठीवर तयार झालो. या एका गोष्टीचा मला आजही सगळ्यात जास्त त्रास होतो.

आठ दिवसांनी टेंपो आला. उतरवायला तासाच्या भाड्याने हायड्रा क्रेन बोलावला होता, गल्लीत गाड्या अडकलेल्या, आणि टेंपोवाल्याने फोन माझ्या हातात दिला: बाकीचे ९०,००० आल्याशिवाय मशीन खाली उतरणार नाही. मी पैसे पाठवले. मशीन खाली आल्यावर पेटी उघडली. फोर जॉ (चार जबड्यांचा) चक नव्हता, लांब कामाला मधे आधार देणारी स्टेडी नव्हती, आटे पाडताना बदलायच्या चेंज गिअरचे फक्त चार नग होते. लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू, इंची होता. इंची लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. तो तर नव्हताच. फोन केला तर, “पुढच्या आठवड्यात पाठवतो साहेब.” नंतर फोन उचलणं बंद.

तरी मला वाटत होतं, सुटे भाग मिळतील, मूळ मशीन चांगलं आहे. आण्णांबरोबर काम केलेले एक काका अजून साताऱ्यात आहेत. ऐंशीच्या घरात आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांना घेऊन आलो. त्यांनी काहीच मोजलं नाही. सॅडल चकाजवळ आणायला सांगितलं, सॅडल लॉक करायचा बोल्ट हलकासा आवळायला सांगितला, इतकाच की चाक फिरवताना हाताला थोडं जड लागावं. मग म्हणाले, “आता ने टेलस्टॉककडे.” मी चाक फिरवायला लागलो. सात-आठ इंचांवर जड झालं, सव्वा फुटावर सॅडल जागीच अडकलं. दोन्ही हातांनी हलेना. चकाजवळ बेड झिजून पातळ झालाय आणि पुढे मूळ जाडीचा आहे, म्हणून तिथे घट्ट झालेलं सॅडल पुढे जाऊच शकत नाही. काका चकावर हात ठेवून थोडा वेळ गप्प उभे राहिले. “पोरा, मला आधी बोलवायचंस,” एवढंच म्हणाले.

या तपासणीला एक पाना आणि दोन मिनिटं लागतात. गाळ्यात उभा असताना मला ती करता आली असती.

मग आम्ही चकात जाड बार धरला, टेलस्टॉकचा आधार न देता बारीक कट मारला आणि मायक्रोमीटर लावला. १५० मिलिमीटर लांबीत चकाकडचं टोक ०.१२ मिलिमीटर जाड. सॅडल झिजलेल्या जागी खाली बसतं, टूल कामापासून लांब जातं, आणि बार तिथे जाड राहतो. अर्धा तास चालवल्यावर हेडस्टॉक, म्हणजे चक फिरवणारी गिअरची पेटी, खडखडायला लागला. तेल काढलं तर काळं, मधासारखं घट्ट, १४० नंबरच्या गिअर ऑइलपेक्षाही जड काहीतरी. थंड असताना ते दातांच्या फटी भरून आवाज गिळतं. तेल तापून पातळ झालं की खरा आवाज बाहेर येतो.

शेवटचा धक्का रंग काढताना बसला. हेडस्टॉकला पेंट रिमूव्हर लावला आणि पत्र्याच्या पट्टीने खरवडत होतो. पुढच्या बेअरिंगच्या कॅपजवळ पुट्टीचा जाड थर सुटला आणि खाली बोटभर लांब पिवळी रेघ दिसली. ओतकाम तडकलेलं होतं. पितळ वितळवून जोडून (ब्रेझिंग) वर पुट्टी भरलेली, त्यावर तो सुंदर हिरवा रंग. चक फिरवणाऱ्या स्पिंडलचा सगळा भार जिथे येतो तीच जागा. नेमप्लेट पॉप रिव्हेटने बसवली होती. ती काढली तर खाली वेगळ्या मापाच्या प्लेटची सावली आणि बुजवलेली चार भोकं. मशीन हरिहरचं नव्हतंच. कुठलं होतं ते काकांनाही सांगता आलं नाही.

दुरुस्तीचीही चौकशी केली. बेड ग्राइंड करून मिळतो, पण बेड खाली गेला की सॅडल खाली जातं, मग लीडस्क्रू आणि त्याला पकडणारा हाफ नट जुळत नाहीत, सॅडलखाली टर्साइटची (न झिजणाऱ्या प्लास्टिकची) पट्टी चिकटवून ते पुन्हा उचलावं लागतं. चांगल्या मशीनवर हा खर्च करावा. हेडस्टॉक तडकलेल्या मशीनवर करायची माझी तयारी नाही.

पोलीस चौकीत “हा दिवाणी मामला आहे” असं उत्तर मिळालं. लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. मशीन घरच्या वापरासाठी घेतलेलं असल्यामुळे ग्राहक म्हणून जिल्हा आयोगाकडेही तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. पक्कं बिल नसल्यामुळे सगळी भिस्त बँकेच्या नोंदींवर, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोलण्यावर आणि जाहिरातीच्या स्क्रीनशॉटवर आहे. जाहिरात दुसऱ्याच आठवड्यात काढून टाकली होती. स्क्रीनशॉट होता म्हणून ‘हरिहर ओरिजिनल’ हे शब्द माझ्याकडे आहेत. जुनं मशीन बघायला जाणार असाल तर निघायच्या आधी जाहिरातीचे फोटो काढून ठेवा, टर्नरचा हात असलेलं कुणीतरी बरोबर न्या, आणि मशीन उतरवताना पैसे द्यायची अट कबूल करू नका. बाकी रक्कम गाळ्यातच, सगळे सुटे भाग मोजून, बिलावर लिहून घेऊन द्या.

गेल्या महिन्यात इस्लामपूरच्या एका मुलाचा फोन आला. ओळखीतून माझा नंबर मिळाला होता. त्याने एका मशीनचा व्हिडिओ पाठवला. रंग आता निळा होता, पण गाळा तोच, मागच्या भिंतीवरचा तुटका स्विचबोर्ड तोच. मी त्याला सॅडलच्या बोल्टचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथूनच त्याने फोन केला: “दादा, नऊ इंचांवर अडकलं. तो माणूस म्हणतोय ग्रीस सुकलंय.” इसार न देता तो मुलगा परत आला. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, “नऊ इंचांवर?”