आंबाविक्रीच्या वेबसाइटवर व्हॉट्सॲप बिझनेस : अख्ख्या हंगामाचा अनुभव

देवगडच्या बागेतला हापूस आम्ही स्वतःच्या वेबसाइटवरून पुणे, मुंबई, नागपूरला पाठवतो. साइटवर शंका-तक्रारींसाठी आधी कोपऱ्यात चॅटची खिडकी होती. फेब्रुवारीत ती काढून व्हॉट्सॲप बिझनेसचं बटण लावलं. त्यावर मार्च ते मे हंगाम पार पडला, म्हणून सविस्तर लिहितोय.

खिडकीत अडचण अशी, की ग्राहकाने पान बंद केलं की बोलणं तिथंच तुटायचं. आंब्याची तक्रार तर पेटी पोचल्यावर तीन-चार दिवसांनी येते. तेव्हा ग्राहक आमच्या साइटवर नसतो, कापलेला आंबा समोर ठेवून स्वयंपाकघरात उभा असतो. त्याला तिथल्या तिथे फोटो पाठवता आला पाहिजे.

साक्याचंच घ्या, म्हणजे हापूसच्या आतल्या दोषाचं. फळ बाहेरून देखणं, वासाला उत्तम. कापलं की आत गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट. कापल्याशिवाय तो बागायतदारालाही कळत नाही. त्यामुळे आम्ही ठरवलं, फोटो आला की वाद नाही; तेवढ्या फळांचे पैसे परत किंवा पुढच्या पेटीत भरपाई. ऑर्डर झाल्यावर दिसणाऱ्या पानावरच्या बटणाच्या लिंकमध्ये ऑर्डर क्रमांक आधीच भरून ठेवलाय. ग्राहकाने दाबलं की मेसेज क्रमांकासकट येतो, 'नाव काय, पेटी कधीची' हे विचारत बसावं लागत नाही. एवढ्या एका गोष्टीने निम्मी चिडचिड संपली, त्यांची आणि आमचीही.

दुसरा मोठा उपयोग तयार उत्तरांचा. तिरकी रेघ (/) टाइप केली की यादी उघडते. पन्नासपर्यंत उत्तरं साठवता येतात. आम्हाला दहा-बारा पुरतात. 'आंबे हिरवे आहेत' याला : पेटी उघडा, फळं पेंढ्यात एका थरात पसरा, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका. 'सालीला सुरकुत्या पडल्यात, खराब झाले का?' याला : नाही, आता खरी गोडी आली, आजच खा. पण ही उत्तरं जशीच्या तशी चिकटवू नका. वर 'नमस्कार काकू' आणि खाली त्यांच्या फोटोत काय दिसलं ते एक वाक्य घाला. माणसाला लगेच कळतं की समोर कोणीतरी आहे.

बागेत रेंज नसते. तरी मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणं जोडता येतात आणि फोन बंद असला तरी ती चालतात, म्हणून घरी लॅपटॉपवर वहिनी उत्तरं देते. प्रत्येक ग्राहकाच्या चॅटला ॲपमधली लेबलं मात्र रोज संध्याकाळी लावायलाच हवीत, नाहीतर 'पैसे परत करायचे' आणि 'पैसे दिले' यांची सरमिसळ होते.

पैशांचे प्रश्न सगळ्यांत नाजूक. यूपीआयने पैसे कापले गेले आणि आमच्याकडे पोचल्याची नोंद नसली, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई. हे स्पष्ट लिहून पाठवलं की समोरचा शांत होतो.

ई-कॉमर्सचे 2020 चे नियम तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात मागतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही साइटवर द्यावा लागतो. आंब्याला महिना म्हणजे हंगामच गेला, म्हणून आम्ही त्याच दिवशीचा नेम ठेवलाय. रात्री नऊनंतर 'सकाळी आठला उत्तर देऊ' असा आपोआप जाणारा मेसेज लावलाय आणि आठ म्हणजे आठच.

नाशवंत माल विकणाऱ्यांनी ही पद्धत जरूर वापरावी. साधा फोन नंबर मात्र पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ठेवा. वयस्कर ग्राहक टाइप करत बसत नाहीत, थेट फोन लावतात, आणि दरवर्षी न चुकता पेटी घेणारे बहुतेक तेच आहेत.