चंबळमधील नौकाफेरी: जरूर करावी, पण नदीचा हिशेबही विचारावा

मुरैना आणि धौलपूर यांच्या मधल्या राजघाटावरून आम्ही जानेवारीत दोन तास नावेतून चंबळ पाहिली. कृष्णाकाठी मगरीलाच सुसर म्हणण्याची आपली सवय आहे. लांब, निमुळत्या जबड्याची आणि नराच्या नाकाडावर मडक्यासारखा उंचवटा असलेली खरी सुसर इथे वाळूवर ऊन खात पडलेली दिसते, आणि जगात उरलेल्या सुसरींपैकी बहुतेक याच नदीत आहेत. एवढ्यासाठीही ही फेरी पैसे वसूल करते.

फेरीतला सर्वांत मोलाचा भाग मात्र आमचे नावाडी होते. एका ठिकाणी नावेचा तळ वाळूला टेकला, तेव्हा वल्ह्याने नाव ढकलता ढकलता त्यांनी सांगितले की डॉल्फिन खोल डोहांत राहतात आणि मधले पाणी असे उथळ झाले की एका डोहातून दुसऱ्या डोहात जाण्याची त्यांची वाट बंद होते. सुसर मार्च-एप्रिलमध्ये वाळूत अंडी घालते. त्या काळात वरच्या धरणांतून अचानक पाणी सोडले तर घरटी बुडतात. उलट पाणी फार उतरले तर वाळूची बेटे काठाला जोडली जातात आणि कुत्री-कोल्हे वाळूवर अंडी घालणाऱ्या पाणचिरा पक्ष्यांच्या अंड्यांपर्यंत चालत पोहोचतात.

आयोजकांच्या माहितीपत्रकात यातले काहीच नाही. प्राण्यांची चित्रे आहेत. पण वरच्या अंगाला चंबळेचे पाणी अडवणाऱ्या, गांधीसागर धरणापासून कोटा बॅरेजपर्यंतच्या चार बांधकामांचा उल्लेख नाही. कोट्याखालच्या चंबळेला कालीसिंध आणि पार्वती या उपनद्यांचा मोठा आधार आहे, आणि नेमके त्यांचेच पाणी वळवणाऱ्या पार्वती-कालीसिंध-चंबळ नदीजोड प्रकल्पाचा सामंजस्य करार जानेवारी 2024 मध्ये झाला. पूर्व राजस्थानची तहान खरी आहे आणि तिला पाणी मिळायलाच हवे. तरीही सुसरी आणि डॉल्फिन यांना प्रत्येक महिन्यात किती प्रवाह लागतो हे आधी ठरवून, तेवढे पाणी बाजूला ठेवूनच कालव्यांचे वाटप आखले पाहिजे. वाटप झाल्यावर उरेल ते नदीला, हा क्रम मला अजिबात मान्य नाही. जे लोक नाव टेकलेली पाहतात, त्यांना हा मुद्दा दोन मिनिटांत पटेल, म्हणूनच पत्रकातली ही उणीव मला जास्त खटकली.

आणखी एक तक्रार आहे. छायाचित्रांच्या आग्रहापोटी नाव वाळूच्या फार जवळ नेली गेली आणि तीन सुसरी पाण्यात शिरल्या. थंडीत अंग तापवण्यासाठी त्यांना ते ऊन आवश्यक असते, त्यामुळे अंतर राखण्याचा नियम आयोजकांनीच पाळायला हवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे, उन्हे वर आल्यावर निघावे, दुर्बीण सोबत ठेवावी आणि नावाड्यांना गेल्या काही वर्षांतल्या पाण्याच्या पातळीबद्दल अवश्य विचारावे.