सिंगल फोटॉन डिटेक्टर घ्यायचाय, पण स्पॅड घेऊ की एसआयपीएम?

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो पिंपरीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. हातात कंपॅरेटिव्ह स्टेटमेंटचा कागद होता, तीन कोटेशनं, खाली एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्त, कोण ते पेन्सिलीनं गोल केलेलं. "मॅडम, सही करायच्या आधी एकदा बघा." बघितलं तर पहिल्या रकान्यात स्पॅड (सिंगल फोटॉन अॅव्हलांश डायोड) मॉड्यूल, दुसऱ्यात एसआयपीएम (सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर), तिसऱ्यात इनगॅसवाला, म्हणजे सिलिकॉनऐवजी इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डिटेक्टर. तिघांच्याही डोक्यावर 'सिंगल फोटॉन डिटेक्टर', म्हणजे प्रकाशाचा एकेक कण (फोटॉन) पकडणारं उपकरण, असंच छापलेलं, म्हणून ऑफिसच्या लेखी ती एकच वस्तू. सायकल, टेम्पो आणि होडी एका तक्त्यात मांडून स्वस्त काय ते विचारल्यासारखं झालं हे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण पुण्यात आता पाषाणला आयसरमध्ये क्वांटमचा हब झाल्यापासून कॉलेजा-कॉलेजात असे प्रोजेक्ट निघतायत आणि चूक सगळीकडे हीच होतेय.

मुळात तिघांची युक्ती एकच आहे. डायोडला उलटा व्होल्टेज द्यायचा, तोही ब्रेकडाउनच्या, म्हणजे डायोड जिथवर तग धरतो त्या मर्यादेच्या, वर नेऊन ठेवायचा. आत मोकळा इलेक्ट्रॉन नसेल तर काहीच होत नाही, ताणून ठेवलेल्या उंदराच्या सापळ्यासारखा डायोड नुसता थांबून राहतो. एक फोटॉन आला, त्यानं एक इलेक्ट्रॉन सुटा केला, की तो पुढच्यांना धडकतो, ते आणखी पुढच्यांना, आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी लाखो इलेक्ट्रॉनचा लोंढा सुटतो. ६५० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनची ऊर्जा असते जेमतेम १.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट, एवढ्याशा गोष्टीचा ऑसिलोस्कोपवर दिसेल असा पल्स मिळतो हे मला आजही फार मोठं वाटतं. मग तो लोंढा थांबवायला लागतो, व्होल्टेज खाली आणायचा आणि परत चढवायचा, त्याला क्वेंचिंग म्हणतात. १९६०च्या दशकात हाइट्झ आणि मॅकिंटायर यांनी हे लोंढ्याचं गणित बसवलं, आणि पुढे मिलानच्या सर्जिओ कोवा यांच्या ग्रुपनं अॅक्टिव्ह क्वेंचिंगची सर्किटं केली, तेव्हा कुठे सापळा काही नॅनोसेकंदांत परत ताणता यायला लागला.

आता सापळ्याचे दोष बघा, कारण निवड तिथेच होते. एक म्हणजे तो सुटला एवढंच कळतं, आत एक उंदीर आला की तीन ते कळत नाही. दुसरं, कधीकधी कुणी नसताना नुसत्या उष्णतेनं सुटतो, तो डार्क काउंट. तिसरं, सुटल्यावर परत ताणेपर्यंत आंधळा, तो डेड टाइम. आणि चौथं, मागच्या लोंढ्यातले काही इलेक्ट्रॉन सिलिकॉनमधल्या दोषांत अडकून राहतात, नंतर सुटून परत खोटा पल्स देतात, ते आफ्टरपल्सिंग.

स्पॅड म्हणजे असा एकच सापळा, पण फार निगुतीनं केलेला. एक्सेलिटासचं एसपीसीएम मॉड्यूल बऱ्याच ऑप्टिक्स लॅबमध्ये दिसतं, त्याची चिप १८० मायक्रॉनची, आत पेल्टियर कूलर, बाहेरून ५ व्होल्ट दिले की झालं, बाकी आतला हाय व्होल्टेज ते स्वतःच बघतं आणि पकडलेल्या प्रत्येक फोटॉनला एक टीटीएल (डिजिटल) पल्स देतं. लाल रंगाला एफिशियन्सी, म्हणजे आलेल्यातले किती फोटॉन पकडले ते प्रमाण, ६५ टक्क्यांच्या आसपास. डार्क काउंट ग्रेडप्रमाणे, म्हणजे हलक्या ग्रेडला सेकंदाला १५००, भारीला २५, आणि किंमत अर्थातच उलट्या दिशेनं. पातळ चिपचे स्पॅडही येतात, इटलीच्या एमपीडीचे वगैरे, त्यांची लाल-इन्फ्रारेडमधली एफिशियन्सी बरीच पडते पण टायमिंग, म्हणजे फोटॉन कधी आला ते किती नेमकं कळतं, सुंदर, ५० पिकोसेकंदाच्या आत, जाड चिपला तेच ३५० च्या आसपास. ५० पिकोसेकंदात प्रकाश दीड सेंटीमीटर जातो, म्हणजे लिडारमध्ये (लेझरचा पल्स जाऊन परत यायच्या वेळेवरून अंतर मोजतात तिथे) अंतर पाऊण सेंटीमीटरपर्यंत कळतं, आणि ३५० ला तेच पाच सेंटीमीटर होतं. फ्लुरोसन्सचं लाइफटाइम, म्हणजे पदार्थ उजेड पडल्यावर किती वेळ चमकतो ते, मोजायचं असेल तर पातळ चिप बघा, नाहीतर जाड.

एसआयपीएम म्हणजे तेच सापळे हजारोंनी एका ताटात मांडलेले. हमामात्सुचा एस१३३६०-३०५० घ्या, ३ मिलिमीटरचा चौकोन, त्यात ३६०० बारके सापळे, प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर आणि सगळ्यांची वायर शेवटी एकच. त्यामुळे एकाच वेळी पाच फोटॉन पाच वेगवेगळ्या सापळ्यांवर पडले की पल्स पाचपट उंच येतो. स्कोपवर परसिस्टन्स (आधीचे पल्स पडद्यावर टिकवून ठेवायची सोय) लावून बघा, एक, दोन, तीन, चार असा स्वच्छ जिना दिसतो. प्रकाश तुकड्या-तुकड्यांनी येतो हे पुस्तकात वाचून पटत नाही इतकं तो जिना बघून पटतं, आणि मी दर वर्षी मुलांना हे दाखवतेच. बायस, म्हणजे द्यायचा तो उलटा व्होल्टेज, ५५ च्या आसपास, ऑनसेमीच्या सी-सिरीजला तर ३० च्या आतच भागतं. किंमत? चिप काही हजारांत, स्पॅड मॉड्यूल लाखांत. त्यामुळे एका तक्त्यात टाकलं की एल-वन कायम एसआयपीएमच निघणार.

आणि इथेच गाडी घसरते. काही वर्षांपूर्वी मी ज्या लॅबमध्ये होते तिथे आम्हाला एंटँगल्ड, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या, फोटॉनचा प्रयोग लावायचा होता, ४०५ नॅनोमीटरचा लेझर, बीबीओ क्रिस्टल, आणि एका निळ्या फोटॉनचे दोन ८१० चे जुळे फोटॉन. मागणी आम्ही स्पॅडची दिली होती, खरेदीत "सिंगल फोटॉन सेन्सिटिव्ह" एवढे शब्द जुळले म्हणून दोन एसआयपीएम आले. तीन महिने मुलं त्यावर बसली. मुलं हुशार होती, अलाइनमेंट चोख होती, पण कोइन्सिडन्स, म्हणजे दोन्ही डिटेक्टरवर एकदम आलेले पल्स, काही दिसेना, आणि शेवटी मुलांना वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांचं काही चुकत नव्हतं, हिशोबच तसा होता. तो मी त्यांना आधी करून दाखवायला हवा होता.

हिशोब असा. जुळ्या फोटॉनमध्ये दोन्ही डिटेक्टरनी एकदम पकडलं तरच जोडी मोजली जाते, म्हणजे एफिशियन्सीचा वर्ग होतो. ८१० नॅनोमीटरला जाड स्पॅड साधारण ५५ टक्के, पातळ १५, आणि हा एसआयपीएम ८ धरा, कारण तो निळ्या रंगासाठी केलेला, ४५० ला तो ४० टक्के देतो पण ८१० ला जवळपास आंधळा. तर दर १००० जोड्यांमागे जाड स्पॅड ३०० देतो, पातळ २२, एसआयपीएम ६. याच्यावर डार्क काउंट. तीन मिलिमीटरच्या एसआयपीएमचा सेकंदाला ५ लाख, आणि योगायोगानं जुळणारे काउंट म्हणजे पहिल्याचा रेट गुणिले दुसऱ्याचा रेट गुणिले विंडो. विंडो म्हणजे किती वेळात आलेले दोन पल्स 'एकदम' धरायचे ते, ती १० नॅनोसेकंदाची घेतली तर नुसत्या अंधारात, लेझर बंद असताना, सेकंदाला २५०० खोट्या जोड्या. लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशा चालू असताना कुणाच्या तरी कुजबुजीचे शब्द वेचायचे म्हणतो ना, तसं ते. तेच ५०० डार्क काउंटचे दोन स्पॅड लावले तर अंधारातली खोटी जोडी चारशे सेकंदांत एखादी. दोन हजार पाचशे प्रति सेकंद आणि चारशे सेकंदांत एक, हा फरक कुठल्याही कोटेशनवर लिहून येत नाही.

बरं, यावरून एसआयपीएम वाईट असं अजिबात नाही, मी स्वतः त्याची मोठी चाहती आहे. क्षेत्रफळानं भागून बघा, ५ लाख भागिले ९ चौरस मिलिमीटर म्हणजे चौरस मिलिमीटरला पंचावन्न हजार. स्पॅडची चिप एवढीशी, ०.०२५ चौरस मिलिमीटर, तिथे २५० काउंट म्हणजे चौरस मिलिमीटरला दहा हजार, आणि तेही आत कूलर असताना. म्हणजे तोंड मोठं आहे म्हणून गोंगाट मोठा. मोठं तोंड लागतंच अशी कामं असतात, आणि प्रकाश एकेक न येता झुबक्यानं येतो अशी कामं असतात, तिथे एसआयपीएमला तोड नाही.

कॉस्मिक म्यूऑनचंच घ्या, अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे हे कण. वरून दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन येतो, तुम्ही हे वाचताय तोवर तळहातातून कितीतरी गेले. प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या, म्हणजे कण आतून गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या, पाच बाय पाच सेंटीमीटरच्या तुकड्यातून तो गेला की एका झटक्यात एसआयपीएमवर दहा-वीस किंवा जास्तच सापळे सुटतात. आता डार्क काउंट असतात एकेकट्या सापळ्याचे. क्वचित एक सुटला की त्याच्या लोंढ्यातून निघालेला प्रकाश शेजारच्यालाही सोडतो, तो क्रॉसटॉक, या मॉडेलला ३ टक्के. म्हणून थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या उंचीच्या वरचेच पल्स मोजायचे ती रेघ, दीड फोटॉनवर नेला की ५ लाखांचे १५ हजार उरतात, अडीचवर नेला की साडेचारशे, आणि साताठच्या वर तर म्यूऑनच म्यूऑन. जो दोष जुळ्या फोटॉनला मारून टाकत होता तो इथे थ्रेशोल्डचं एक बटण फिरवून गेला. सर्नच्या सीएमएस प्रयोगात हॅड्रॉन कॅलोरिमीटरला (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाला) जुने डिटेक्टर काढून एसआयपीएम बसवले ते उगीच नाही, ला पाल्माच्या फॅक्ट दुर्बिणीचा १४४० पिक्सेलचा कॅमेरा २०११ पासून यावरच चालला, नव्या पेट स्कॅन मशीनमध्येही हेच असतात. एमआयटीच्या कॉस्मिकवॉचची डिझाइन सगळ्यांना खुली आहे, एसआयपीएम, सिंटिलेटर आणि आर्डुइनो नॅनो. आर्डुइनो, रेझिस्टर, कनेक्टर सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळून जातं, फक्त चिप आणि सिंटिलेटर मागवावा लागतो. बीएस्सीच्या मुलांसाठी याच्यापेक्षा चांगला प्रोजेक्ट मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र पुण्यात राहून विसरू नका, उन्हाळा. एसआयपीएमचा ब्रेकडाउन व्होल्टेज तापमानाबरोबर सरकतो, हमामात्सुला अंशाला ५४ मिलिव्होल्ट. सकाळी २५ अंशांना बायस लावून ठेवला आणि एप्रिलच्या दुपारी लाइट गेली, एसी बंद, खोली ४० ला गेली, तर ०.८ व्होल्ट सरकला. ओव्हरव्होल्टेज, म्हणजे ब्रेकडाउनच्या वरचा भाग, होता फक्त ३, म्हणजे गेन (लोंढ्याचा आकार) पाव हिश्शाहून जास्त पडला, जिन्याच्या पायऱ्या बुटक्या झाल्या आणि तुमचा थ्रेशोल्ड चुकीच्या पायरीवर. वर डार्क काउंट तिपटीच्या आसपास, कारण दर आठ-दहा अंशांना तो दुप्पट होतो. तापमान बघून बायस आपोआप बदलणारे छोटे सप्लाय मिळतात, ते घ्या, किंवा निदान शेजारी एक थर्मिस्टर चिकटवून डेटाबरोबर तापमान लिहीत जा. स्पॅड मॉड्यूलला कूलर असल्यानं ही कटकट कमी.

तिसऱ्या रकान्याचं थोडक्यात सांगते. सिलिकॉन ११०० नॅनोमीटरच्या पुढे पारदर्शक होतं, त्यामुळे फायबरमधला १५५० चा फोटॉन बघायचा असेल, क्वांटम की डिस्ट्रिब्युशन (फोटॉन वापरून गुप्त किल्ली पाठवणं) वगैरे, तर इनगॅस स्पॅडशिवाय डायोडमध्ये पर्याय नाही. उणे ४०-५० अंशांपर्यंत थंड ठेवायचा, एफिशियन्सी १० ते २५ टक्के, आणि आफ्टरपल्सिंग इतकं की डेड टाइम १०-२० मायक्रोसेकंद मुद्दाम ठेवावा लागतो, २० ठेवला तर सेकंदाला ५० हजाराच्या वर मोजताच येत नाही. किंमत तिघांत सगळ्यात जास्त. फायबरचं काम नसेल तर तो रकाना खोडून टाका, विचारही करू नका.

बाजारात काही शे रुपयांत मिळणारा व्हीएल५३एल०एक्सचा मॉड्यूल आहे ना, अंतर मोजायचा, त्याच्या आतही स्पॅडचीच जाळी असते. मुलं विचारतात, हाच वापरू का. बघायला, समजायला जरूर घ्या, पण तो बाहेर अंतर आणि सिग्नलचा आकडा देतो, एकेका फोटॉनचा पल्स देत नाही, म्हणून काउंटिंगला उपयोग नाही.

स्पॅड घेणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीनं सांगते. चालू मॉड्यूलवर ट्यूबलाइटचा उजेड पडू देऊ नका, त्यानं लाखांची वस्तू मिनिटात खराब होऊ शकते. दारावर पाटी लावा, आणि सफाईवाल्या मावशींना स्वतः जाऊन समजावून सांगा, नुसत्या पाटीवर राहू नका. आणि १८० मायक्रॉनच्या चिपवर मोकळा बीम बसवत बसू नका, फायबर कनेक्टरवालं मॉड्यूल घ्या, मल्टिमोड फायबरनं आणा, अलाइनमेंटचे आठवडे वाचतात आणि बाहेरचा उजेडही आपोआप अडतो. बजेटमध्ये कोइन्सिडन्स मोजायचा बोर्ड किंवा टाइम टॅगर (प्रत्येक पल्सची वेळ नोंदवणारं यंत्र) धरायला विसरू नका, दोन स्पॅड येऊन कपाटात पडून राहिलेले मी बघितलेत.

तर माझ्या विद्यार्थ्याला मी एवढंच विचारलं, मुलं नक्की काय मोजणार आहेत? तो म्हणाला, यंदा म्यूऑन आणि पुढच्या वर्षी जुळे फोटॉन. मग प्रश्नच मिटला. कागद परत गेला, आता दोन वेगळे इंडेंट, म्हणजे खरेदीच्या मागण्या, आहेत. एसआयपीएम यंदाच्या कन्झ्युमेबलमध्ये बसले, आणि स्पॅडच्या इंडेंटमध्ये त्यानं स्पेसिफिकेशनच असं लिहिलं की घोळ होऊ नये, ८१० नॅनोमीटरला एफिशियन्सी किमान ५० टक्के, डार्क काउंट ५०० च्या आत, फायबर कनेक्टरसह, नग दोन.