घरी बनवलेल्या चारचाकी पेडलगाडीचा चेन-गिअर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी दोन सीटची, शेजारी-शेजारी पेडलं, चाकं २० इंची, माणसं धरून वजन २०० किलोच्या थोडं वर. सपाट रस्त्यावर कसलेही पार्ट चालून जातात. रामकुंडाकडून जुन्या नाशकात वर चढायला लागलं की कुठला पार्ट कच्चा आहे ते लगेच कळतं.

चेन अशी फिरवली आहे: प्रत्येक पेडलाला ३६ दात्यांचं चेनव्हील, तिथून पहिल्या शाफ्टवर १८ दात्यांचं फ्रीव्हील (एका दिशेला ओढणारं, उलट दिशेला मोकळं फिरणारं चक्र). दोघांची फ्रीव्हीलं वेगळी, त्यामुळे एकजण थांबला तरी दुसऱ्याचे पाय अडत नाहीत. त्याच शाफ्टवर १६ दात्यांचं घट्ट बसवलेलं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्र, आणि त्याची चेन सीटखालच्या दुसऱ्या शाफ्टवरच्या १४-३४ च्या सात गिअरच्या फ्रीव्हीलला. तिथून मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळी चेन, १८ ला १८. पेडलाच्या एका फेरीत चाक ०.९४ ते २.२९ फेऱ्या घेतं. मिनिटाला ६० पेडलं मारली तर ताशी साधारण ५ ते १२ किलोमीटर. यापेक्षा वरचा गिअर या वजनाला शोभेपुरताच.

आतच तीन गिअर असलेला हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, हाही चांगला असतो, उभ्या गाडीत गिअर बदलता येतो. पण त्याचा पल्ला साधारण १.८ पटीचाच, आणि दोघांचा जोर हबच्या आतल्या बारीक दात्यांवर येतो. डिरेलर (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा) स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. मात्र चढ लागायच्या आधीच गिअर उतरवावा लागतो.

डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) लागत नाही. दोन्ही चाकांना फ्रीव्हील असलं की वळणावर बाहेरचं चाक मोकळं पुढे पळतं आणि आतलं ओढतं. आतलं चिखलात घसरलं तर बाहेरचं लगेच जोर घेतं. पण हे करताना दोन गोष्टी सांभाळा. साधं फ्रीव्हील उजव्या बाजूसाठीच असतं. डाव्या चाकाला बाहेरून लावलं तर ते ओढणारच नाही. म्हणून दोन्ही चाकांची चेन चाकाच्या उजवीकडेच घ्या: उजव्याला बाहेरून, डाव्याला आतून. दिसायला विचित्र, चालायला चोख. दुसरी गोष्ट जिवाशी खेळणारी: ब्रेक शाफ्टवर लावू नका. शाफ्ट थांबेल, चाकं फिरतच राहतील. ब्रेक चाकावरच हवा. रिव्हर्स अर्थात नाही, उतरून ढकलायचं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो शाफ्टने. २० मिमी ब्राइट बार (गुळगुळीत गोल सळई) आणि यूसीपी २०४ हे बैठकीसकट येणारं बेअरिंग ही जोडी बरोबर आहे, पण बेअरिंगचे ग्रब स्क्रू (शाफ्टला दाबून धरणारे बिनडोक्याचे स्क्रू) गुळगुळीत शाफ्टवर धरत नाहीत. शाफ्ट हळूहळू बाजूला सरकतो, स्प्रॉकेटची रेष चुकते आणि चेन उतरते. दोष मात्र चेनला दिला जातो. ग्रब स्क्रूखाली ड्रिलने उथळ खळगा करा, थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, बाहेरून कॉलर चढवा. स्प्रॉकेटला नुसती वेल्डिंग नको, ६ मिमीची चावी (शाफ्ट आणि स्प्रॉकेटला अडकवणारी खुंटी) बसेल अशी खाच पाडून घ्या. गिअरच्या फ्रीव्हीलसाठी १.३७ इंची, इंचाला २४ आट्यांचा अडॅप्टर लागतो. सातपूर-अंबडमध्ये लेथवाल्यांना तोटा नाही, फक्त सोबत जुना हब न्या, आटे जुळवून घेता येतात. चढवताना आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढे फ्रीव्हील सुटता सुटत नाही.

चेन उतरायचं दुसरं कारण फ्रेमची लवचीकता. दोघं बसले की पाइप वाकतो आणि स्प्रॉकेटांमधलं अंतर बदलतं. बीबी (पेडलाच्या आसाची बेअरिंग-नळी) आणि पहिला शाफ्ट एकाच पाइपवर घ्या, बेअरिंगला लांबट भोकं ठेवा. गिअर नसलेल्या सिंगल चेनला मध्यभागी साधारण १२ मिमी ढील पुरे.

दोघांनी प्रत्येकी ५० किलोचा जोर एकदम दिला तर १६ दात्यांवरच्या चेनला अडीचशे किलोच्या वर ताण बसतो. तुटत नाही, झिजते. २४ कड्या ताणून पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा: नव्या असताना ३०४.८ मिमी, ३०७ झाल्या की चेन बदला, नाहीतर ती फ्रीव्हीलचे दातेही खाते. पावसात काळी चिकट माती बसते, म्हणून दोन्ही शाफ्टखाली पत्र्याचं झाकण हवंच. फ्रीव्हीलमध्ये ग्रीस भरू नका. आतली कुत्री (दात्यांत अडकणारे छोटे खटके) चिकटतात आणि पेडल पोकळ फिरतं. पातळ तेल पुरतं.

स्पोक ३६ आणि जाडच घ्या, ही गाडी वळणावर झुकत नसल्याने सगळा आडवा जोर चाकांवर येतो. स्पेअरमध्ये १६ दात्यांचं स्प्रॉकेट जवळ ठेवा, पहिला नंबर त्याचाच लागतो.