घामट हात, दोन तपासण्या

मी पतसंस्थेत कॅशियर आहे, वय ३४. चारचौघांत घाबरणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी आजारी म्हणत नाही, लाजाळू म्हणतात. मीही बारा वर्षं त्यावरच भागवलं. यंदा संक्रांतीला ऑफिसात तिळगूळ वाटायचं काम माझ्या वाट्याला आलं आणि मी पोट बिघडल्याचं कळवून घरी बसलो. बायको म्हणाली, "आता कुणाला तरी दाखवाच." आधी मोबाइलवरचं ॲप झालं, मग मिरजेतले मनोविकारतज्ज्ञ. दोन्हीकडे पैसे माझेच गेले, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो. नावं देत नाही.

ॲपनं ४९९ रुपये घेतले. प्रश्नावली लिबोविट्झ या अमेरिकन डॉक्टरांची, १९८७ सालची. एकूण २४ प्रसंग. प्रत्येकात भीती किती वाटते आणि तो प्रसंग किती टाळता, यांना ० ते ३ गुण. सगळे मिळून १४४. हे माप जगभर वापरतात, त्याला मी नावं ठेवत नाही. पण ॲपवाल्यांनी मराठी कुणाकडून करून घेतलं देव जाणे. एक प्रसंग होता, 'कुणाला तरी उचलण्याचा प्रयत्न करणे'. मी म्हटलं, पन्नास किलोचं पोतं उचलतो, माणसाला काय भ्यायचं? शून्य टाकला. अनोळखी व्यक्तीशी प्रेमाच्या हेतूनं ओळख वाढवणं, असा त्याचा अर्थ हे नंतर कळलं. 'पार्टी देणे' यालाही शून्यच. आमच्याकडे जेवणावळ असते ती वडिलांच्या नावानं, मी फक्त पाणी वाढतो. (तेही टाळतो, पण पाणी वाढण्याचा प्रश्न यादीत नव्हता.) शेवटी निकाल आला, 'किंचित', आणि त्याखाली व्यक्तिमत्त्व विकासाच्या कोर्सची जाहिरात, ४,९९९ रुपये, आजच घेतल्यास सवलत.

मिरजेत पहिल्या भेटीचे ९०० रुपये घेतले आणि डॉक्टर पाऊण तास बोलले. पहिलाच प्रश्न, "या त्रासाला घरी काय म्हणतात?" मी सांगितलं, आजी मुखदुर्बळ म्हणायची, आई भिडस्त म्हणते, चुलते म्हणतात ते सांगण्यासारखं नाही. "सांगा की," म्हणाले. सांगितलं. तिन्ही शब्द त्यांनी केसपेपरवर मराठीत लिहून घेतले. अशा १६ प्रश्नांची मुलाखत मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तकात २०१३ पासून छापलेली आहे म्हणे.

मग एकेका प्रसंगाची उलटतपासणी. चेअरमनसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, हे मी मोठं लक्षण म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाकीचे बोलतात?"

"कोणीच नाही."

"मग ते सोडा. ती तुमच्या संस्थेची रीत झाली."

सासऱ्यांच्या नजरेला नजर देत नाही, तेही सोडलं. प्रत्येक वेळी एकच कसोटी लावत होते: तुमच्याच घरातला, तुमच्याच वयाचा दुसरा माणूस इथं काय करेल? माझा धाकटा भाऊ तिळगूळ वाटतो, आरतीला उभा राहतो, लग्नात आग्रह करकरून वाढतो. तिथं मात्र त्यांचं पेन चालू झालं.

तिळगुळाचं त्यांनी खोदून विचारलं. माझ्या तळहाताला घाम येतो. लाडू हातात घेतला की खाली चिकट होतो, तीळ बोटांना लागतात, आणि समोरचा तो तोंडात घालणार. "तुम्हाला स्वतःची लाज वाटते, की त्यांना किळस येईल असं वाटतं?" मी पाच मिनिटं गप्प. हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मला माझं हसं होण्याची भीती कमी आहे. माझ्यामुळे दुसऱ्याला त्रास होतोय, ही भीती जास्त आहे.

जपानमध्ये याला स्वतंत्र नाव आहे, ताइजिन क्योफुशो. आपलं लाजणं, आपली नजर, आपला वास यांनी दुसऱ्याला अवघडल्यासारखं होईल, अशी भीती. मोरिता नावाच्या डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी त्यावर काम केलं. अमेरिकन पुस्तकातल्या सामाजिक चिंता विकाराच्या, म्हणजे चारचौघांत वावरण्याच्या भीतीच्या, व्याख्येत 'दुसऱ्याला दुखावण्याची भीती' २०१३ मध्ये शिरली. मिरजेत बसून मला जपानी आजार आहे की काय, असं विचारल्यावर डॉक्टर हसले. म्हणाले, आजार तोच, फक्त तुमच्या बाजूनं विचारला पाहिजे. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ आहे, कामात अडथळा आहे, म्हणजे निदान सामाजिक चिंता विकार. शिवाय थायरॉईडची तपासणी लिहून दिली आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी, कारण घाम खरोखरच जास्त आहे. थायरॉईड नॉर्मल निघालं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. बाहेर टेबलावर बसणाऱ्या मावशी दहा माणसांसमोर खणखणीत आवाजात विचारतात, "पहिल्यांदाच आलाय? काय होतंय?" अहो, काय होतंय ते हेच होतंय! मी दोनदा जिन्यापर्यंत परत गेलो होतो. एक स्टार त्याचा कापला. डॉक्टरांना सांगितलं, दुसऱ्या भेटीला कागद-पेन ठेवलं होतं, पण मावशींनी लिहिलेलं मोठ्यानं वाचून खात्री करून घेतली. गुरुवारी संध्याकाळी सहानंतर जा, गर्दी नसते.

गोळ्या अजून दिलेल्या नाहीत, आधी घरचा अभ्यास दिलाय. काउंटरवर हात न पुसता नोटा द्यायच्या आणि किती गिऱ्हाइकं आपले हात पुसतात ते मोजायचं. सोमवारी अकरा जण मोजले. एकानं पुसला, नोटा मोजायला त्यानंच बोटाला थुंकी लावली होती.